जुनी पिकअप घरच्या घरी उभी करताना

माझ्या पिकअपचं बॉनेट, ग्रिल, बंपर आणि पुढचे दोन्ही मडगार्ड पहिल्याच रविवारी निघाले. संध्याकाळी उत्साह उतू चालला होता, म्हणून हौद्याचेही चार बोल्ट सोडवले. त्यानंतर गाडी चौदा महिने तशीच उभी राहिली. कुठला नट कुठला हे आठवेना, एक डबा सांडला, दुसऱ्यात पावसाचं पाणी गेलं, आणि गाडी ढकलून बाजूला करायची म्हटली तर मागचे ब्रेक जाम. शेवटी निघालेलं सगळं परत बसवलं आणि काम नव्याने, दुसऱ्या टोकाकडून सुरू केलं.

तेव्हापासून एक नियम पाळतो. गाडी कुठल्याही संध्याकाळी स्वतःच्या चाकांवर ढकलता आली पाहिजे. एक काम उघडायचं, ते बसवून, घट्ट करून, तपासून संपवायचं, मगच दुसऱ्याला हात लावायचा. क्रमही ठरलेला: आधी चॅसिस तपासायची, मग ब्रेक आणि टायर, मग इंजिन, मग खालचा बाकी भाग, मग वायरिंग, मग पत्रा. रंग सगळ्यात शेवटी. रंगवलेल्या मडगार्डवर वाकून काम करताना पाना हातातून निसटला की हा क्रम आपोआप पटतो.

हातोडी घेऊन गाडीखाली

पिकअप बहुतेक वेळा शिडीसारख्या चॅसिसवर बांधलेली असते. केबिन वेगळी, हौदा वेगळा, दोन्ही रबरी माउंटिंगवर बोल्टने धरलेले. घरी काम करणाऱ्याची यात मोठी सोय आहे. पत्रा कितीही कुजला तरी कापून बदलता येतो. चॅसिस कुजली असेल तर मात्र वरच्या सगळ्या खर्चाला अर्थ नाही, म्हणून पहिला दिवस पूर्ण तिच्यासाठी.

टॉर्च, छोटी हातोडी, टोक बोथटलेला स्क्रू ड्रायव्हर आणि खडू एवढंच लागतं. डोळ्यांवर गॉगल हवाच, कारण गंजाचे पापुद्रे सरळ तोंडावर पडतात. मागच्या एक्सलच्या (दोन्ही चाकं जोडणाऱ्या आसाच्या) वर, जिथे पाट्यांचे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगांचे, हँगर बसवलेले असतात, तिथून सुरुवात करा आणि वीतभर अंतरावर ठोकत पुढे या. चांगल्या लोखंडावर हातोडी टणकन वाजते आणि हातात उसळते. कुजक्या जागी आवाज बसका येतो, हातोडी उसळत नाही. आवाज बदलला तिथे खडूने गोल करायचा. पूर्ण फेरी झाली की त्या गोलांकडे परत जायचं आणि स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून फिरवायचं. पापुद्रा निघून खाली करडं लोखंड लागलं तर गंज वरवरचा आहे, घासून जाईल. टोक आत रुतलं तर तिथे लोखंड उरलेलं नाही.

बंद पेटीसारखी चॅसिस असेल तर जास्त सावध राहा. अशी चॅसिस आतून कुजते. चाकांनी उडवलेला चिखल आत साचतो, ओल धरून ठेवतो आणि बाहेरचा रंग शाबूत दिसत राहतो. पाणी निघण्याच्या भोकांतून वाकवलेली तार घाला आणि आतलं काय हाती लागतं ते पाहा. कोरडी माती आली तर ठीक. गंजाचे तुकडे मुठीने यायला लागले तर हातोडीची फेरी पुन्हा एकदा, या वेळी जरा जोरात.

पाट्यांचे हँगर, स्टिअरिंग बॉक्स बसतो ती जागा आणि मागच्या एक्सलवरची चॅसिसची कमान, या तिन्ही ठिकाणी टोक आत गेलं तर ते घरच्या वेल्डिंगचं काम नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. चॅसिसचीच कामं करणाऱ्या माणसाकडे गाडी न्या, नाहीतर दुसरी गाडी शोधा. इथे मोह फार होतो, कारण वरून गाडी गोंडस दिसत असते.

मग केबिन. मॅट उचला, पाय ठेवायच्या जागी बोटांनी दाबून पाहा. दरवाज्यांच्या खालच्या कडा, केबिनचे मागचे खालचे कोपरे, बॅटरीचा ट्रे आणि पुढच्या काचेच्या रबराचे खालचे कोपरे पाहा. फ्लोअर कुजलेला आढळला तर पत्रा कापण्याआधी पाणी कुठून आलं ते शोधा. बऱ्याचदा काचेचं रबर कडक होऊन गळत असतं, पाणी डॅशबोर्डच्या मागून उतरून मॅटखाली बसतं. रबर न बदलता फ्लोअर बदललात तर काही पावसाळ्यांनी तेच काम पुन्हा करावं लागेल.

उचलणं आणि सोडवणं

जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. गाडी धरून ठेवायला घोड्या, म्हणजे जॅक स्टँड, लागतात. जमीन कडक आणि सपाट हवी, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे हवेत, आणि गाडी घोड्यांवर आली की खाली जाण्याआधी तिला बाजूने जोराने ढकलून पाहायचं. हलायचीच असेल तर तेव्हा हलू दे. विटा आणि सिमेंटचे पोकळ ठोकळे वापरू नका. ते आधी काही सूचना न देता एकदम फुटतात. काढलेलं चाक चॅसिसखाली आडवं सरकवून ठेवायची सवय लावून घ्या.

जुन्या गाडीत निम्मा वेळ बोल्ट सोडवण्यात जातो, त्यामुळे उद्याचे बोल्ट आजच भिजवायचे. तारेच्या ब्रशने आटे साफ करा, गंज सोडवणारं तेल मारा, हातोडीने बोल्टच्या डोक्यावर चार-पाच ठोके द्या आणि सोडून द्या. रोज संध्याकाळी एकदा, असं तीन दिवस. सोडवताना सहा कोनी गोटी, म्हणजे सॉकेट, वापरा. बारा कोनी गोटी गंजलेल्या डोक्याचे कोपरे खाते. आधी जराशी घट्ट करायच्या दिशेने फिरवा, टक् असा आवाज आला की सोडवायला लागा. अर्धा आटा सोडवला की पाव आटा मागे, पुन्हा तेल. नुसता जोर लावला तर बोल्ट आतल्या आत तुटतो आणि मग ड्रिल मशीन घेऊन अख्खा दिवस त्याच्यापायी जातो. तरीही हलत नसेल तर नट तापवायचा. नट प्रसरण पावतो, पकड ढिली होते. इंधनाची टाकी, ब्रेकचे पाइप आणि रबरी बुश जवळ असतील तिथे मात्र ज्योत नको, तिथे नट ग्राइंडरने चिरलेला बरा. ठिणग्या उडतात, म्हणून टाकीजवळ तेही नको.

सोडवण्याआधी फोटो काढा. प्रत्येक कामाची वेगळी पिशवी, त्यावर पेनाने नाव: 'मागचा डावा ब्रेक', 'रेडिएटर वरची पट्टी'. बोल्ट शक्य तिथे लगेच त्याच्या मूळ भोकात परत अडकवून ठेवायचे, ही सर्वांत चांगली पिशवी.

ब्रेक, आणि इथे घाई नाही

उभ्या राहिलेल्या गाडीच्या ब्रेकचं पेडल बसल्याबसल्या दाबून पाहू नका. मास्टर सिलिंडरमधली, म्हणजे पेडल ज्यातून ब्रेक ऑइल ढकलतं त्या सिलिंडरमधली, रबरं नेहमी जेवढी सरकतात त्याच्या पलीकडे सिलिंडरचा भाग वर्षानुवर्षं न वापरलेला, खरखरीत झालेला असतो. पेडल तळापर्यंत दाबलं की रबर त्या खरखरीत भागावर घासतं आणि चांगलं चाललेलं मास्टर सिलिंडर दुसऱ्या दिवशी गळायला लागतं. ब्रेकचं काम संपेपर्यंत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, म्हणजे ते अर्ध्यावर थांबेल.

जुन्या गाडीत साधारणपणे पुढे डिस्क आणि मागे ड्रम, किंवा चारही ड्रम असतात. ड्रम निघत नसेल तर आधी हँडब्रेक सोडला आहे ना ते पाहा, मग मागच्या भोकातून अ‍ॅडजस्टर फिरवून शू (ड्रमला आतून घासणाऱ्या कमानी) आत घ्या. ड्रमवर बोल्टसाठी आटे पाडलेली दोन भोकं असतील तर त्यात बोल्ट पिळून ड्रम बाहेर ढकलता येतो. आतली धूळ हवेने किंवा फुंकरीने उडवू नका. जुन्या शूंमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. मास्क लावा, ब्रेक क्लीनर किंवा पाणी मारून ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका.

व्हील सिलिंडरचं, म्हणजे चाकाजवळ शू बाहेर ढकलणाऱ्या सिलिंडरचं, धूळरबर बोटाने उचला. आत ओल दिसली तर सिलिंडर गेला, मग ती थेंबभर असली तरी. एका बाजूचा बदलला की त्याच एक्सलवरचा दुसराही बदला, शूही जोडीने. आणि दोन्ही बाजू एकदम उघडू नका. स्प्रिंगांची मांडणी कधी तरी विसरतेच, तेव्हा न उघडलेली बाजू समोर असली की फोटोंपेक्षा उपयोगी पडते.

रबरी पाइप बाहेरून धड दिसले तरी आतून सुजून बंद होतात. पेडल दाबताना दाब पुढे जातो, सोडल्यावर परत येत नाही, आणि एक चाक तापत राहतं. वय माहीत नसेल तर सरळ नवे घाला. लोखंडी पाइप गंजले असतील तर निकल-तांब्याच्या मिश्रधातूचे पाइप वळवायला सोपे आणि न गंजणारे. त्यांची टोकं दुहेरी दुमडलेली हवीत. साधा तांब्याचा पाइप आणि नळकामातली जोडणी ब्रेकमध्ये चालत नाही.

ब्रेक ऑइलचं एक समजून घ्या. डॉट ३ आणि डॉट ४ या त्याच्या प्रती हवेतली ओल शोषतात. कोरडं डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असं मानक आहे. ओल धरल्यावर तीच मर्यादा १४० वर येते. डॉट ४ ची हीच जोडी २३० आणि १५५. घाटात भरलेल्या गाडीचे ब्रेक तापले की जुन्या ऑइलमधलं पाणी वाफ होतं आणि पेडल खाली जातं. दर दोन वर्षांनी बदला. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते बाकीच्यांत मिसळू नका. आणि ब्रेक ऑइल रंग खातं. सांडलं तर लगेच भरपूर पाणी ओता.

एअर काढायला, म्हणजे पाइपांत अडकलेली हवा बाहेर घालवायला, दोन माणसं लागतात, आणि पेडलवरचा माणूस बोलणारा हवा.

१. मास्टर सिलिंडरची बाटली वरपर्यंत भरा. दर पाच-सहा दाबांनंतर पाहत राहा. ती एकदा रिकामी झाली की पहिल्यापासून सुरुवात.

२. बहुतेक गाड्यांत मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचं चाक आधी घेतात, मग जवळ येत जातात. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत वेगळा क्रम असेल तर तो पाळा.

३. चाकाच्या ब्रेकवरच्या निपलला (हवा सोडायच्या पोकळ स्क्रूला) पारदर्शक नळी लावा, तिचं दुसरं टोक थोडं ब्रेक ऑइल असलेल्या बाटलीत बुडालेलं ठेवा.

४. पेडलवरचा माणूस हळू दाबतो आणि 'दाबलं' म्हणतो. तुम्ही निपल पाव आटा सोडता, बुडबुडे जातात, निपल बंद करता, 'सोड' म्हणता. निपल बंद होण्याआधी पेडल वर आलं तर हवा परत आत.

५. नळीत बुडबुडे थांबले आणि ऑइलचा रंग ताजा झाला की पुढचं चाक.

बऱ्याच पिकअपमध्ये आणखी एक गोम आहे. मागच्या एक्सलला काडीने जोडलेला एक व्हॉल्व्ह असतो, तो हौद्यातल्या भाराप्रमाणे मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करतो. घोड्या चॅसिसखाली लावल्या की एक्सल खाली लोंबतो, व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि मागे ऑइल नीट जातच नाही. मी एक अख्खी दुपार यात घालवली. मागच्या घोड्या एक्सलखाली लावल्या आणि पाच मिनिटांत एअर निघाली.

टायरबद्दल थोडक्यात. बाजूच्या भिंतीवर डॉट या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार अंक पाहा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. चारऐवजी तीनच अंक असतील तर टायर २००० सालच्या आधीचा आहे, तो ढकलगाडीपुरता. नक्षी कितीही खोल असो, भिंतीवर बारीक भेगा दिसल्या तर टायर बदला. स्टेपनीही तपासा, तिथे हमखास मूळचा टायर निघतो.

झोपलेलं इंजिन

वर्षानुवर्षं बंद इंजिनाला बॅटरी लावून थेट सेल्फ मारणं म्हणजे पिस्टनच्या कोरड्या रिंगा आणि कोरडी बेअरिंगं घासणं. एक रात्र थांबा. स्पार्क प्लग किंवा हीटर प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे पातळ तेल सोडा. दरम्यान डिपस्टिक पाहा. ऑइल दुधाळ असेल तर त्यात पाणी गेलं आहे, आणि ते कसं गेलं हे कळेपर्यंत पुढे जायचं नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँक पुलीच्या बोल्टला लांब दांड्याचा पाना लावा आणि इंजिन हाताने त्याच्या फिरायच्या दिशेने फिरवा. दोन पूर्ण फेऱ्या निर्धोक झाल्या तर पुढे. अडलं तर जोर नको. तेल पुन्हा सोडा, दोन दिवस द्या, पुन्हा हळूच दोन्हीकडे हलवून पाहा.

मग जुनं ऑइल आणि फिल्टर बदला. टायमिंग बेल्ट असलेलं इंजिन असेल आणि बेल्ट कधी बदलला ते माहीत नसेल, तर सुरू करण्याआधीच बदला. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. चेन असेल तर बेल्ट बदलायचं हे काम टळतं.

इंधनाकडे या. पेट्रोल काही महिन्यांतच शिळं होतं, त्याला वार्निशसारखा आंबूस वास येतो. ते पूर्ण काढा. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबरी नळ्या फुगवतं आणि ठिसूळ करतं, त्यामुळे नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घाला. डिझेल जास्त टिकतं, पण टाकीच्या तळाशी पाणी साचतं आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर काळा चिकट थर वाढतो. टाकी उतरवून धुवा, फिल्टर नवा. टाकीला भोक असेल तर ती बदला. रिकाम्या टाकीत वाफ उरते आणि वेल्डिंगची ठिणगी तिला पुरते.

सुरू करण्याआधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजलं तर पुढचे गैरसमज टळतात. इंधन आणि ठिणगी बंद, सगळे प्लग बाहेर, पेट्रोल असेल तर थ्रॉटल पूर्ण उघडा. चांगल्या पेट्रोल इंजिनात साधारण ९ ते १२ बार दिसतात, डिझेलमध्ये २५ ते ३५; डिझेलचं मीटर वेगळं असतं. नेमक्या आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक पाहा. एखादा सिलिंडर फार खाली असेल तर पेट्रोल इंजिनात तिथे चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वर आला तर रिंगा झिजल्या आहेत, नाही आला तर दोष व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा (ब्लॉक आणि हेड यांच्यामधल्या सीलचा).

प्लग बाहेर असतानाच, इंजिन सुरू होऊ न देता, दहा-दहा सेकंद सेल्फ मारून ऑइलचा दिवा विझेपर्यंत फिरवा. आता प्लग बसवा. डिझेलची एअर काढायची असेल तर हातपंप मारत फिल्टरवरचा स्क्रू सोडा, बुडबुडे थांबले की बंद करा; मग नोझलच्या पाइपांचे नट एकेक ढिले करून सेल्फ मारा. चालू पंपाच्या फवाऱ्यासमोर हात न्यायचा नाही. तो दाब कातडी भेदून डिझेल आत घालतो, आणि दुखत नसलं तरी ते थेट दवाखान्याचं काम असतं. डिझेल पहिल्यांदा सुरू करताना हवा घ्यायच्या तोंडाजवळ एक जाड फळी तयार ठेवा. पंप अडकून इंजिन बेफाम पळालं तर चावी काढून ते थांबत नाही, हवा तोडल्यावर थांबतं.

सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटं पांढरा धूर येतो. सिलिंडरमध्ये सोडलेलं तेल जळतंय, घाबरू नका. तो थांबलाच नाही आणि रेडिएटरचं पाणी कमी होत गेलं, तर मात्र हेड गॅस्केटचा विचार करा.

रेडिएटरचं झाकण हा छोटा पण कामाचा भाग आहे. ०.९ बारच्या झाकणाखाली साधं पाणीही १०० ऐवजी साधारण ११८ अंशांना उकळतं. झाकणाचं रबर गेलं की ही सगळी सवलत जाते आणि माणूस रेडिएटर बदलत बसतो. गरम असताना झाकण उघडायचं नाही, एवढं सगळ्यांना माहीत असतं, तरी हात भाजतातच. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) काढून फेकण्याची जुनी सवय चुकीची आहे. इंजिन कायम थंड चालतं, इंधन जास्त खातं. त्याच्यावर अंश कोरलेले असतात, बहुधा ८२ किंवा ८८. दोऱ्याने पातेल्यातल्या पाण्यात लोंबता सोडा, थर्मामीटर लावा, गॅस पेटवा. त्या अंशाच्या आसपास तो उघडताना दिसतो. कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मं-निम्मं भरा. सांडलेलं कूलंट लगेच पुसा. ते गोड लागतं, कुत्रीमांजरं चाटतात आणि दगावतात.

पाटे, शाफ्ट, हाउसिंग

यातलं बरंचसं काम ग्रीसगनचं आहे. शॅकल (पाट्याच्या टोकाची हलती कडी), किंगपिन किंवा बॉल जॉइंट (पुढची चाकं वळतात ते सांधे), शाफ्टचे क्रॉस (मागच्या चाकांकडे फिरणं नेणाऱ्या दांड्याचे सांधे), जिथे ग्रीसचं निपल असेल तिथे कडेने नवं ग्रीस दिसेपर्यंत मारा. ग्रीस जात नसेल तर निपल बदला. क्रॉसचा दोष ओळखायला शाफ्ट हाताने उलटसुलट पिळा. क्रॉसपाशी खेळ जाणवला किंवा कपाभोवती तांबूस पूड दिसली तर तो संपला. काढण्याआधी शाफ्टवर आणि फ्लँजवर रंगाची रेघ ओढा, म्हणजे परत तसाच बसेल.

पाटे काढलेत तर ते एक्सलला बांधणारे यू-बोल्ट नवे घाला. ते घट्ट करताना ताणले जातात, दुसऱ्यांदा तेवढी पकड देत नाहीत. नवे आडवे-तिडवे, टप्प्याटप्प्याने कसा आणि शंभर-दोनशे किलोमीटर चालवल्यावर पुन्हा कसा. रबरी बुशचे बोल्ट गाडी स्वतःच्या भारावर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. लोंबत्या एक्सलवर आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

हाउसिंगचं, म्हणजे मागच्या एक्सलमधल्या गिअरच्या पेटीचं, ऑइल बदलताना भरायचा प्लग आधी सोडवा, रिकामा करायचा नंतर. भरायचा प्लग निघालाच नाही तर निदान आत जुनं ऑइल तरी असेल. गिअरबॉक्समध्ये काय घालायचं ते पुस्तिकेत पाहा: पितळी सिंक्रो (गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या कड्या) असलेल्या बऱ्याच जुन्या गिअरबॉक्सना जीएल-४ प्रतीचं गिअर ऑइल लागतं, हाउसिंगचं जीएल-५ तिथे पितळेला त्रास देऊ शकतं. एक्सलची सील पुन्हा पुन्हा गळत असेल तर हाउसिंगवरचा श्वासनळीसारखा छोटा ब्रीदर पाहा. तो चिखलाने बुजला की आत दाब वाढतो आणि ऑइल सीलमधून बाहेर पडतं. दोन सील बदलल्यावर मला हे कळलं.

वायरिंग: दोष बहुधा अर्थिंगमध्ये

एक दिवा मंद, इंडिकेटर दिल्यावर ब्रेकलाइट लुकलुकतो, सेल्फ नुसता टकटक करतो. जुन्या गाडीत यामागे बहुतेक वेळा अर्थिंगची गंजलेली जागा असते. बॅटरी ते इंजिन, इंजिन ते चॅसिस, चॅसिस ते केबिन, या तीन पट्ट्या सोडवा, बसण्याच्या जागा चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा, आवळा, वरून ग्रीस लावा. मग मल्टिमीटरची एक टोकणी बॅटरीच्या ऋण खुंटीवर, दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर धरून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग अजून नीट नाही.

विसावलेल्या, भरलेल्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसतात, १२.२ म्हणजे निम्मी. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ हवेत. बॅटरी सोडवताना ऋण आधी, जोडताना ऋण शेवटी. नाहीतर धन खुंटीवरचा पाना केबिनला लागला की ठिणगीचा पट्टा दिसतो. उडालेल्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज घालू नका, मग फ्यूजऐवजी वायर जळते. आधीच्या मालकांनी पिळून टेप गुंडाळलेले जोड दिसतील तेवढे काढून नीट क्रिंप करा.

पत्रा आणि शेवटी रंग

गंज काढायचा, झाकायचा नाही. मोठ्या पृष्ठभागाला तारेचा ब्रश आणि फ्लॅप डिस्क; खाचाखोचांत उरलेल्या गंजाला कन्व्हर्टर, जो फॉस्फरिक किंवा टॅनिक आम्लाने गंजाचं स्थिर संयुगात रूपांतर करतो. सुटा पापुद्रा आधी गेलाच पाहिजे, कन्व्हर्टर फक्त चिकटलेल्या गंजावर काम करतो. ब्रॅकेटसारख्या लहान भागांसाठी मला पाणी, धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जर यांची रीत आवडते: भाग ऋण टोकाला, जुनं लोखंड धन टोकाला, एक रात्र. काम उघड्यावर करा, कारण हायड्रोजन निघतो. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावू नका, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरतात. पाट्यांची पानं आणि कडक बोल्ट यात टाकू नका, ते ठिसूळ होऊ शकतात.

भोक पडलं तर चांगला पत्रा लागेपर्यंत कापून नवा तुकडा वेल्ड करा. टाके लांब-लांब मारत जागा बदलत जा, एका दमात ओळ ओढली तर पत्रा तापून वाकतो. वेल्डिंगआधी बॅटरी सोडवा, आतलं फोम आणि मॅट काढा, पाण्याची बादली जवळ ठेवा. भोकावर लांबी, म्हणजे पुटी, भरू नका. लांबी ओल धरते आणि फुगा काढून निघते. वेल्डवर ती दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड नको. आधीच्या कोणी कुठे लांबी थापली आहे हे चुंबक फिरवून कळतं.

उघडा पत्रा रात्रभर ठेवू नका, सकाळी तांबूस झालेला असेल. जेवढा घासाल तेवढ्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. पुढे ८० नंबरच्या पॉलिश पेपरने लांबीला आकार, मग १८०, ३२०, प्रायमर, आणि शेवटी ४००-६०० ने पाण्याखाली घासणं. फिनिशचा खरा न्याय डोळ्यांपेक्षा तळहात करतो. हातात पातळ सुती मोजा घालून पत्र्यावरून फिरवा, खड्डा लगेच लागतो.

हार्डनर मिसळून मारायच्या रंगात आयसोसायनेट असतं, त्याने कायमचा दमा होऊ शकतो. साध्या मास्कवर ते घरी मारू नका. बाहेरून स्वच्छ हवा देणारी यंत्रणा लागते. मी माझी गाडी चांगल्या इनॅमलने, फोमच्या रोलरने, पाच पातळ हातांत रंगवली. जवळून संत्र्याच्या सालीसारखी पोत दिसते. हौद्यात पहिल्या आठवड्यात लोखंडी पाइप टाकले तेव्हा ओरखड्यांचं दुःख मात्र झालं नाही, तो भाग पुन्हा रोलरने अर्ध्या तासात झाला. रंग वाळल्यावर दरवाज्यांच्या, सिलच्या आणि बंद चॅसिसच्या पोकळीत मेण फवारा आणि पाण्याची सगळी भोकं तारेने मोकळी करा.

रोजच्या वापरात आल्यावर

पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा कसा, मग शंभरला एकदा. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर इंजिन ऑइल बदला, कारण झोपेतून उठलेलं इंजिन बरीच घाण सोडतं. ग्रीस दर दोन-तीन हजार किलोमीटरला, पाण्यातून किंवा चिखलातून गेलात तर त्याच आठवड्यात. पावसाळा संपला की चॅसिसचा आतला चिखल पाण्याच्या पाइपने धुवून काढा. एका वहीत तारीख, मीटरचा आकडा आणि केलेलं काम लिहीत जा. ऑइलच्या डब्याचा आणि फिल्टरचा नंबरही.

आणि महिन्यातून एकदा रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा पसरा. त्यावर चार चाकांच्या जागा पेनाने काढून ठेवल्या की सकाळी थेंब कुठून पडला ते कळतं. काळा म्हणजे इंजिन ऑइल, पुढे मधोमध. घट्ट आणि उग्र गंधकी वासाचा म्हणजे गिअर ऑइल, गिअरबॉक्स किंवा हाउसिंगखाली. लालसर म्हणजे पॉवर स्टिअरिंगचं. हिरवा किंवा केशरी, चिकट म्हणजे कूलंट. माझ्या पुठ्ठ्यावर काळे डाग कायम असतात आणि मी त्यांच्याकडे फारसं पाहत नाही. पण चाकाच्या आतल्या बाजूला फिकट पिवळा, बोटाला बुळबुळीत लागणारा एक जरी थेंब दिसला, तर चावी परत खुंटीला लावतो आणि तो ड्रम उघडतो.